डॉल्फिनच्या शिकारीवरचा माहितीपट लोकांना दाखवायचा असेल तर

डॉल्फिनच्या शिकारीवरचा माहितीपट पडद्यावर लावणं अवघड नाही. पाणी लाल झालेलं दिसलं की सभागृह सुन्न होतं, कुणाचे डोळे भरून येतात, दोघं-तिघं तावातावाने बोलतात. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "हा आकडा त्या एका गावाचा की अख्ख्या जपानचा?" आयोजकाला उत्तर देता आलं नाही, की कार्यक्रमाचा पायाच खचतो. एक आकडा कच्चा निघाला म्हणजे पाहिलेलं सगळंच कच्चं, असं लोक धरून चालतात. या प्राण्यांचे हाल खरे आहेत. म्हणूनच त्यांची बाजू मांडणाऱ्याने आकडा, जागा, साल आणि जात या चार गोष्टी पक्क्या ठेवल्या पाहिजेत. आधी तपासा, मग दाखवा. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगितलं आहे.

कोणता माहितीपट कशासाठी

निवड करताना "सगळ्यात धक्कादायक कोणता" हा निकष लावू नका. तुम्हाला कोणत्या प्रश्नावर बोलायचं आहे ते आधी ठरवा.

'द कोव्ह' (२००९, दिग्दर्शक लुई सिहोयोस) हा जपानमधल्या वाकायामा प्रांतातल्या ताईजी गावच्या शिकारीवर आहे. २०१० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. हा शिकारीवरचा आहे, पण डॉल्फिनच्या जिवंत विक्रीचा धागाही त्यात आहे. 'ब्लॅकफिश' (२०१३) शिकारीबद्दल नाही. तिलिकुम नावाच्या ओर्काच्या (किलर व्हेलच्या) निमित्ताने तो बंदिवासाबद्दल बोलतो. तिलिकुमला १९८३ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात पकडलं होतं. 'सी ऑफ शॅडोज' (२०१९) मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातल्या वाकिटा या छोट्या पोर्पॉइजबद्दल आहे (पोर्पॉइज म्हणजे डॉल्फिनसारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला समुद्री सस्तन प्राणी). वाकिटाची कुणी शिकार करत नाही. तोतोआबा माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात, ती अडकून बुडते. 'सीस्पिरसी' (२०२१) सगळ्या मासेमारी उद्योगावर झोड उठवतो. त्यात दावे सर्वांत जास्त आहेत, म्हणून तपासणीचं कामही सर्वांत जास्त.

एका कार्यक्रमात एकच माहितीपट दाखवा. दोन लागोपाठ लावले की दुसऱ्याच्या वेळी प्रेक्षक थकलेले असतात आणि चर्चेत दोन्हींची गल्लत होते.

चार प्रश्न, चार कागद

तयारीचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच टाळतात. शिकारीविरुद्ध बोलताना लोक चार वेगवेगळे मुद्दे एका दमात सांगतात: क्रूरता, प्राण्यांची संख्या, मांसातला पारा आणि जिवंत डॉल्फिनचा व्यापार. प्रत्येकाचा पुरावा निराळा आहे आणि प्रत्येकावर येणारा आक्षेपही. म्हणून चार कोरे कागद घ्या, प्रत्येकावर एक मुद्दा लिहा आणि माहितीपट पहिल्यांदा पाहताना कोणतं विधान कोणत्या कागदावर जातं ते टिपत जा.

पहिला कागद क्रूरतेचा. ताईजीत हाका घालून शिकार होते. बोटींच्या कडेला लांब लोखंडी नळ्या पाण्यात सोडतात. त्यांचं खालचं टोक कर्ण्यासारखं फाकलेलं असतं, आणि वरच्या टोकावर हातोडीने ठोकतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. डॉल्फिन आवाजावरच दिशा ओळखतात, त्यामुळे बोटींची रांग त्यांना आवाजाची भिंत वाटते. ती टाळत टाळत अख्खा कळप किनाऱ्याकडे सरकतो. शेवटी हाताकेजिरी या चिंचोळ्या खाडीच्या तोंडावर जाळी लावून वाट बंद करतात. माहितीपटात हे दृश्य जेमतेम काही मिनिटांचं आहे. पण यंत्रणा समजली की प्रेक्षकांना कळतं, की हे प्राणी भोळेपणाने किनाऱ्यावर येत नाहीत. त्यांच्या सगळ्यात तीक्ष्ण इंद्रियाचाच त्यांच्याविरुद्ध वापर होतो.

याच कागदावर एक गोष्ट ठळक लिहा: मारण्याची पद्धत माहितीपटात दिसते तशीच आज राहिलेली नाही. आता श्वासरंध्राच्या मागे धातूचा दांडा खुपसून मज्जारज्जू तोडतात. रक्त पाण्यात उतरू नये म्हणून जखमेत लाकडी खुंटी ठोकतात, आणि वर ताडपत्री असते. ही पद्धत प्राण्याला चटकन मारते, असं समर्थक सांगतात. पशुवैद्यक आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी अशा शिकारीच्या चित्रफितीचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला, की प्राणी तात्काळ बेशुद्ध होत नाही आणि प्राण्यांना कमीत कमी यातना व्हाव्यात म्हणून कत्तलखान्यांना लागू असलेल्या कसोटीवर ही पद्धत उतरत नाही. म्हणजे "आता पाणी लाल होत नाही" हे म्हणणं बरोबर असू शकतं, पण त्याने मुद्दा सुटत नाही. सभेत कुणी आक्षेप घेतला तर हे दोन्ही भाग सांगा. निम्मं उत्तर देऊ नका.

दुसरा कागद संख्येचा. इथे सर्वांत जास्त चुका होतात, त्यामुळे त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. जीवशास्त्राची एक गोष्ट मात्र इथेच टिपून ठेवा. बॉटलनोझ डॉल्फिनची मादी साधारण बारा महिने गर्भार असते आणि तिच्या दोन पिल्लांमध्ये बहुधा तीन ते सहा वर्षांचं अंतर असतं. माशांसारखी हजारो अंडी घालून घट भरून काढणं या प्राण्याला जमत नाही. शिवाय हाक्यात सुटे प्राणी नव्हे, एकमेकांना ओळखणारा अख्खा कळप सापडतो.

तिसरा कागद पाऱ्याचा. जपानमध्ये खाण्याच्या माशांसाठी एकूण पाऱ्याची तात्पुरती मर्यादा ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत ०.४ भाग) आहे. दात असलेल्या व्हेल आणि डॉल्फिनच्या मांसात त्याहून कितीतरी जास्त पारा आढळलेला आहे. पण नमुना मांसाचा की यकृताचा, हे प्रत्येक वेळी पाहा. २००२ च्या सुमारास जपानी बाजारातल्या उकडलेल्या यकृताच्या एका नमुन्यात जवळपास दोन हजार पीपीएम पारा सापडला होता. तो आकडा खरा आहे, पण यकृताचा आहे. यकृतातला बराचसा पारा असेंद्रिय रूपात असतो, तर स्नायूंत जास्त करून मिथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं अधिक विषारी सेंद्रिय रूप, असतं. यकृताचा आकडा "डॉल्फिनच्या मांसात" असा सांगितला, की जाणकार माणूस तिथेच तुमचं बोलणं तोडतो. मिनामाता रोगावर (पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या आजारावर) काम करणाऱ्या जपानच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये जाहीर केलेल्या तपासणीचा निष्कर्षही पूर्ण सांगा: ताईजीच्या रहिवाशांच्या केसांत देशाच्या इतर भागांपेक्षा बराच जास्त पारा सापडला, पाऱ्याच्या विषबाधेची स्पष्ट लक्षणं सापडली नाहीत.

चौथा कागद व्यापाराचा, आणि शिकार का टिकून आहे हे कळायला तोच सर्वांत उपयोगी. खाडीत आलेल्या कळपातून आधी प्रशिक्षक चांगले दिसणारे तरुण प्राणी निवडतात, उरलेल्यांतून मांसासाठी मारतात. मांसाला मिळणारी किंमत आणि जलप्रदर्शनासाठी जिवंत डॉल्फिनला मिळणारी किंमत यांत कैक पटींचं अंतर आहे. 'द कोव्ह' मध्ये हे अंतर सहाशे डॉलर विरुद्ध दीड लाख डॉलरपर्यंत असं सांगितलं आहे. हा आकडा माहितीपटाचा आहे आणि त्याच काळातला आहे, असं म्हणूनच तो सांगा. २०१५ च्या एप्रिलमध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने जपानच्या संघटनेचं सदस्यत्व निलंबित केलं. पुढच्याच महिन्यात जपानच्या संघटनेने ताईजीच्या हाक्यातले डॉल्फिन घेणं थांबवायचा निर्णय केला. संघटनेबाहेरचे खरेदीदार आणि परदेशांतली मागणी मात्र उरलीच.

आकडे तपासायचे कसे

माहितीपट दुसऱ्यांदा पाहताना बोट थांबवायच्या बटणावर ठेवा. वहीत सहा रकाने आखा: मिनिट, विधान, आकडा, जागा, साल, जात. सगळी विधानं तपासायला वेळ नसतो. ज्यांवर माहितीपटाचा भार आहे अशी दहा-बारा निवडा. प्रत्येकापुढे सरकारी नोंद, शास्त्रीय निबंध किंवा संस्थेचं मूळ निवेदन शोधून लिहा. दुसऱ्या माहितीपटाने किंवा बातमीने तोच आकडा दिला असेल तर तो पुरावा धरू नका. बहुतेक वेळा सगळ्यांनी एकाच जागेवरून उचललेला असतो.

चुका कुठे होतात ते उदाहरणांनी पाहू.

पहिली चूक जागेची. 'द कोव्ह' सोबत लोकांच्या डोक्यात बसलेला २३ हजारांचा आकडा त्या काळच्या अख्ख्या जपानचा आहे. त्यातला मोठा वाटा उत्तरेकडे, मुख्यतः इवाते प्रांताच्या किनाऱ्यावर, हाताने भाला फेकून मारल्या जाणाऱ्या डॉल पोर्पॉइजचा होता. ताईजीची वार्षिक मर्यादा दोन हजारांच्या घरात होती आणि अलीकडच्या हंगामांत प्रत्यक्ष शिकार हजाराच्याही खाली राहिली आहे. "या खाडीत दरवर्षी २३ हजार" असं वाक्य तुमच्या पत्रकात गेलं, तर ते सरळ खोटं ठरतं. सबटायटल करतानाही पोर्पॉइजचं डॉल्फिन करू नका. आकड्याचा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरी चूक सालाची. २०२१ च्या १२ सप्टेंबरला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर एकाच दिवशी १,४०० हून जास्त डॉल्फिन मारले गेले. हे पांढऱ्या कुशीचे अटलांटिक डॉल्फिन होते. नोंद पक्की आहे, पण हा तिथला नेहमीचा आकडा नव्हे. त्या बेटांवर मुख्यतः पायलट व्हेल मारतात. या घटनेवर खुद्द बेटांवरही नाराजी उमटली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने अशा डॉल्फिनसाठी वर्षाला ५०० ची तात्पुरती मर्यादा घातली. ताईजी आणि फेरो यांना एका दावणीला बांधू नका. फेरोमध्ये मांस बहुतांशी गावकऱ्यांत वाटलं जातं, आणि २०१५ पासून मारणाऱ्याने प्रशिक्षण घेतलेलं असणं सक्तीचं आहे. ताईजीत जिवंत प्राण्यांचा व्यापार आहे. दोन्हीकडे विरोध करता येतो, पण युक्तिवाद वेगळे लागतात.

तिसरी चूक संदर्भ तोडण्याची. 'सीस्पिरसी' मुळे "२०४८ पर्यंत समुद्र रिकामे होतील" हे वाक्य घराघरांत गेलं. त्याचं मूळ २००६ च्या एका शास्त्रीय निबंधातल्या आलेखाचा कल पुढे ताणण्यात आहे. त्याच निबंधाच्या मुख्य लेखकाने टीका करणाऱ्या शास्त्रज्ञांसोबत काम करून २००९ मध्ये नवा निबंध लिहिला. जिथे मासेमारीवर नीट नियंत्रण आहे तिथे साठे सावरू शकतात, असं त्यात दिसलं. त्याच माहितीपटातला ४६ टक्क्यांचा आकडा मात्र खऱ्या अभ्यासातला आहे: उत्तर पॅसिफिकमधल्या मोठ्या कचरापट्ट्यातल्या प्लास्टिकच्या वजनापैकी सुमारे ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा. तो त्या पट्ट्यापुरता आहे. "समुद्रातल्या सगळ्या प्लास्टिकपैकी" असं म्हटलं की बरोबर आकडाही चुकीचा होतो.

चौथी चूक परंपरेच्या बाबतीत होते, आणि ती दोन्ही बाजूंकडून. ताईजीत संघटित व्हेल-शिकार १६०६ पासून आहे, हे खरं. पण ती मोठ्या व्हेलची, भाल्यांनी आणि नंतर जाळ्यांनी केलेली शिकार होती. इंजिनाच्या बोटींनी डॉल्फिनच्या कळपांना हाका घालण्याचं आजचं संघटित रूप १९६९ च्या सुमारासचं आहे. गावातलं व्हेल संग्रहालयही त्याच वर्षी उघडलं आणि त्याला जिवंत प्राणी हवे होते. "चारशे वर्षांची परंपरा" म्हणणाऱ्याला हे सांगता येतं. आणि "यात परंपरा वगैरे काही नाही" म्हणणाऱ्यालाही १६०६ ची आठवण द्यावी लागते.

कायद्याचा एक मुद्दा तर हमखास विचारला जातो: "व्हेल मारायला बंदी आहे ना?" आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीला स्थगिती द्यायचं ठरवलं आणि ती १९८६ पासून लागू झाली. पण ती मोठ्या व्हेलपुरती आहे. डॉल्फिन आणि पोर्पॉइज तिच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून ताईजीची शिकार जपानी कायद्यानुसार परवान्याने चालते. जपान ३० जून २०१९ ला आयोगातून बाहेरच पडला. "बेकायदा शिकार" हा शब्दप्रयोग इथे चुकीचा आहे. वाकिटाच्या बाबतीत शिकार नसली तरी "बेकायदा" हा शब्द बरोबर आहे, कारण तोतोआबाची मासेमारी आणि त्याच्या वाताशयाचा (पोटातल्या हवेच्या पिशवीचा) व्यापार दोन्ही बेकायदा आहेत.

कॅमेऱ्याने काय दाखवलं आणि काय जोडलं

पाण्याखालच्या दृश्याला लावलेला आवाज त्याच क्षणी, त्याच जागी ध्वनिमुद्रित झालेला असतोच असं नाही. बॉटलनोझ डॉल्फिनचे दिशाशोधक टिकटिक आवाज १०० किलोहर्ट्झच्या पुढे जातात. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. म्हणजे पडद्यावर ऐकू येतो तो त्या आवाजाचा खालचा भाग, किंवा वेग कमी करून ऐकवलेला. शिट्ट्या मात्र बऱ्याच अंशी आपल्या कानांच्या टप्प्यात येतात. 'द कोव्ह' च्या चमूने खोट्या दगडांत कॅमेरे दडवले आणि श्वास रोखून बुडणाऱ्या पट्टीच्या पाणबुड्यांकडून पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवून घेतले. ही सामग्री तिथलीच आहे आणि माहितीपटाची सगळी ताकद तिच्यात आहे. पार्श्वसंगीत आणि दृश्यांचा क्रम मात्र संपादकाचा. ज्या दृश्यावर चर्चा करायची आहे ते एकदा आवाज बंद करून पाहा. संगीताशिवायही ते तुम्हाला हलवत असेल तर ते दृश्य स्वतःच पुरावा आहे.

चित्रफितीने कायदा बदलल्याचं ठोस उदाहरण हवं असेल तर ते ट्यूनाच्या मासेमारीचं आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या पराचे ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतात, म्हणून डॉल्फिन हेरून त्यांच्याभोवतीच वेढाजाळी टाकत. १९८७ मध्ये सॅम लाबुड हा जीवशास्त्राचा पदवीधर पनामाच्या एका बोटीवर स्वयंपाकी म्हणून चढला आणि छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याने जाळ्यात बुडणारे डॉल्फिन टिपले. ते चित्रण दूरचित्रवाणीवर आणि अमेरिकी संसदेपुढे गेलं. १९९० मध्ये मोठ्या डबाबंद ट्यूना कंपन्यांनी अशी मासळी घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षी 'डॉल्फिन-सेफ' शिक्क्याचा अमेरिकी कायदा झाला. चर्चेत "पाहून काय होणार?" असा प्रश्न आला तर हे उदाहरण द्या.

परवाना, पडदा, आवाज

घरच्या स्ट्रीमिंग वर्गणीत सार्वजनिक खेळाची परवानगी नसते. शाळा, वाचनालय, संस्था, मोफत कार्यक्रम, बहुतेक ठिकाणी वितरकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना घ्यावा लागतो. निदान सहा आठवडे आधी लिहा; प्रेक्षकसंख्या, तारीख, तिकीट आहे की नाही, एवढं कळवा. स्वतःची सबटायटल्स लावायची असतील तर त्याची परवानगी त्याच पत्रात मागा. स्ट्रीमिंग थेट प्रोजेक्टरवर लावलं तर कॉपीसंरक्षणामुळे पडदा काळा आणि आवाज चालू, असाही प्रकार होतो. वितरकाकडून फाइल किंवा डिस्क मागून घेणं सर्वांत बरं.

सभागृह पूर्ण अंधारं करता आलं तर दहा फूट रुंद पडद्याला ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. खिडक्यांतून उजेड येत असेल तर पाच हजारही कमी पडतात, कारण या माहितीपटांत रात्रीची आणि पाण्याखालची काळपट दृश्यं पुष्कळ असतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घ्या, नाहीतर मागच्यांना सबटायटल्सऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटींपेक्षा लांब नको. लॅपटॉपच्या किंवा प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर भागवू नका. वेगळे दोन स्पीकर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर ठेवा. एचडीएमआयची साधी केबल दहा मीटरच्या पुढे दगा देते, चित्र लुकलुकतं किंवा जातं. लांब अंतराला फायबरची केबल आणा. आदल्या दिवशी पहिली पाच मिनिटं, सर्वांत काळपट दृश्य आणि शेवटची पाच मिनिटं त्याच खोलीत, त्याच यंत्रावर चालवून पाहा.

सबटायटल्सच्या एसआरटी फाइलमध्ये एका वेळी दोनच ओळी ठेवा, ओळीला तीस-पस्तीस अक्षरं. एक नोंद दीड सेकंदाहून कमी आणि सहा सेकंदांहून जास्त नको. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. जुन्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून "क्ष", "ज्ञ", "र्‍या" असलेल्या ओळी मुद्दाम तपासा. सुरुवातीला ओळी जुळतात आणि शेवटाकडे मागेपुढे होतात, तेव्हा दोष बहुधा फ्रेमच्या वेगाचा असतो. २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली फाइल २३.९७६ च्या प्रतीला लावली, तर नव्वद मिनिटांत जवळजवळ पावणेचार मिनिटांचा फरक पडतो. अशा वेळी फाइल पुढेमागे सरकवून उपयोग नाही; सबटायटल संपादकात फ्रेमचा वेग बदलून घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष खेळ आणि चर्चा

सुरुवातीला दोन मिनिटांत सांगा: यात प्राणी मारल्याचं दृश्य आहे, ते साधारण कुठे येतं, आणि त्या वेळी बाहेर जायला कुणालाही संकोच नको. तेरा वर्षांखालच्या मुलांना 'द कोव्ह' दाखवू नका. त्याहून मोठ्यांच्या पालकांना आठवडाभर आधी कळवा. दारापाशी एक जण उभा ठेवा, बाहेर आलेल्याला पाणी द्यायला आणि हवं असेल तर थोडं बोलायला.

माहितीपट संपल्यावर लगेच माइक फिरवू नका. रागाच्या भरातली पहिली वाक्यं पुढच्या चर्चेचा सूर ठरवतात आणि ती बऱ्याचदा "जपानी लोक असेच" अशी असतात. दहा मिनिटं थांबा. दिवे हळूहळू लावा, प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि एक प्रश्न लिहायला सांगा. त्या वेळात चिठ्ठ्या चार कागदांनुसार वाटून घ्या आणि एकेका मुद्द्याला दहा मिनिटं द्या. पन्नास मिनिटांत चर्चा आटपते.

एका समाजावर घसरलेलं बोलणं सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवावं. हे सौजन्यासाठी तर आहेच, पण त्यामागे वस्तुस्थितीही आहे. २०१० मध्ये जपानमधल्या काही चित्रपटगृहांनी निदर्शनांच्या धमक्यांमुळे 'द कोव्ह' चे खेळ रद्द केले, तरी त्याच वर्षीच्या जुलैत तो तिथे प्रदर्शित झालाच. बहुसंख्य जपानी माणसं डॉल्फिनचं मांस खात नाहीत. पाऱ्याबद्दलचं महत्त्वाचं संशोधन जपानी शास्त्रज्ञांनीच केलं आहे. गावाची बाजू समजून घ्यायला मेगुमी सासाकी यांचा 'अ व्हेल ऑफ अ टेल' (२०१६) आयोजकांनी आधी पाहून ठेवावा. त्यात ताईजीचे रहिवासी स्वतः बोलतात.

"आपण इतर प्राणी खातोच की, मग डॉल्फिनचंच एवढं काय?" हा प्रश्न येणारच, आणि तो प्रामाणिक आहे. टोलवू नका. क्रूरतेच्या मुद्द्यावर प्रश्नकर्त्याचं बरंच बरोबर आहे, ते कबूल करा. त्यानंतर उरलेले तीन कागद पुढे ठेवा. पाळीव जनावर माणूस वाढवतो. हे जंगली प्राणी आहेत, त्यांची वीण संथ आहे, त्यांच्या मांसात पारा साठतो आणि कळपातले निवडक प्राणी जन्मभराच्या टाकीसाठी विकले जातात. मान्य करण्यासारखं मान्य केलं, की उरलेल्या मुद्द्यांना वजन येतं.

चर्चेत एक गोष्ट आपणहून मांडा, कारण शिकारीवरच्या माहितीपटांत ती झाकली जाते. जगभरात व्हेल, डॉल्फिन आणि पोर्पॉइज सर्वांत जास्त मरतात ते चुकून जाळ्यात अडकून. हा आकडा वर्षाला तीन लाखांच्या पुढे असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. वाकिटा १९९७ च्या गणनेत सहाशेच्या जवळपास होत्या. आज जेमतेम दहाच्या आसपास उरल्या आहेत, आणि कारण एकच, गिलनेट. तिथे भाला नाही, लाल खाडी नाही, म्हणून कॅमेरा क्वचितच पोचतो.

खेळ संपल्यावर

लोकांना दोन-तीनच कामं सांगा, आणि ती नेमकी असू द्या. डॉल्फिनच्या प्रदर्शनाचं किंवा "डॉल्फिनसोबत पोहा" अशा सहलीचं तिकीट घेऊ नये. ज्या सहलकंपनीच्या यादीत असं ठिकाण असेल तिला लेखी विचारावं: प्राणी समुद्रातून पकडलेले आहेत की तिथेच जन्मलेले, पकडलेले असतील तर कुठून आणले, कागदपत्रं दाखवाल का? गोलमाल उत्तर आलं की काय समजायचं ते समजावं. पत्राचा नमुना छापून दारातच द्या. घरी जाऊन लिहू म्हणणारे सहसा लिहीत नाहीत.

डबाबंद ट्यूना घेणाऱ्यांना शिक्क्याचा अर्थ नीट सांगा. 'डॉल्फिन-सेफ' शिक्का मुळात डॉल्फिनभोवती वेढाजाळी टाकण्याविरुद्ध आहे. गिलनेटमध्ये किंवा लांबदोरीवर (पुष्कळ गळ लावलेल्या लांब दोरीवर) दुसरे कोणते प्राणी मेले, याची हमी तो देत नाही. गळ आणि काठीने पकडलेला ट्यूना मिळत असेल तर तो घ्यावा, कारण त्या पद्धतीत नको असलेले प्राणी फारच कमी सापडतात.

तपासलेली दहा-बारा विधानं, प्रत्येकापुढे "बरोबर", "अर्धवट" किंवा "चुकीचं", आणि त्याचं मूळ, असं एक पान आलेल्या सगळ्यांना दोन दिवसांत पाठवा. माहितीपटाच्या विरोधात जाणाऱ्या नोंदीही त्यात ठेवा. महिन्याने त्याच यादीवर विचारा: पत्र कुणी पाठवलं, उत्तर काय आलं? आलेली उत्तरं तारीख आणि कंपनीच्या नावासह एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या खेळाच्या चर्चेत चौथ्या कागदाला तीच जोडायची आहेत.